मेंदूचं रक्त आणि मेंदूतलं पाणी: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

मेंदूबद्दल बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल पण दोन गोष्टी पक्क्या करून ठेवा, मेंदूकडे साठा नसतो आणि कवटी ताणली जात नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के, मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त, तेही सतत. पुरवठा पूर्ण थांबला की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. खालच्या चुका बहुतेक वेळा जीव लावणारी माणसंच करतात, काळजीपोटी करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

चक्कर येऊन पडलेल्याला उठवून बसवणं

कोणी चक्कर येऊन पडलं की लगेच दोघं धरून खुर्चीत बसवतात, तोंडाला पाण्याचा ग्लास लावतात. असं करू नका. बीपी पडल्यामुळे डोक्यापर्यंत रक्त चढत नाहीये म्हणून तर तो पडलाय, आडवाच राहू द्या, पाय थोडे वर उचलून धरा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. एक-दोन मिनिटांत जागा झाला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि श्वास नीट चालत नसेल तर सीपीआर (छाती जोरात, भराभर दाबत राहणं) लगेच सुरू करा.

"आता बरं वाटतंय, उद्या बघू"

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हातातला कप सुटला, बोलणं अडखळलं, आणि १५ मिनिटांत सगळं पूर्ववत. घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण हा मिनी स्ट्रोक असू शकतो, गुठळी अडकली आणि सुटली, आणि त्यानंतरचे पहिले दोन दिवस मोठ्या स्ट्रोकसाठी सर्वात धोक्याचे असतात. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

काही जण म्हणतात की मेंदूला चार रक्तवाहिन्या असतात, एक बंद पडली तरी बाकीच्या सांभाळून घेतील. चार असतात हे खरं, मानेच्या पुढून दोन कॅरोटिड आणि मणक्यांतून वर येणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, आणि मेंदूच्या तळाशी त्या एका कड्यात जोडल्या जातात. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून सर्कल ऑफ विलिस. पण पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण कडं खूप जणांमध्ये नसतंच, कुठला तरी दुवा बारीक असतो नाहीतर नसतोच. शिवाय कड्याच्या पुढच्या फांदीत गुठळी अडकली तर कड्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर थांबू नका.

ॲस्पिरिनही घरी देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून एक्स्ट्रा गोळीही नको, बंद वाहिनीच्या आसपासचा भाग त्या वाढलेल्या बीपीवरच तग धरून असू शकतो. त्यापेक्षा माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर आधी तेच विचारतात, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

डोक्याला मार लागला पण "बोलतोय की नीट"

कवटीत तीनच गोष्टी असतात, मेंदू, रक्त आणि पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारा स्वच्छ द्रव. आत रक्तस्राव सुरू झाला की आधी पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि तेवढी जागा मिळेपर्यंत माणूस अगदी नॉर्मल दिसतो, बोलतो, स्वतः चालत घरी येतो. जागा संपली की प्रेशर एकदम चढतं. कानशिलापाशी मार लागला असेल तर जास्तच सावध राहा, तिथलं हाड पातळ आणि आतून मोठी रक्तवाहिनी गेलेली. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. वयस्कर माणसांत, खासकरून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर, साध्या धक्क्यानंतरही काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो, तेव्हा तो जुना मार डॉक्टरांना आठवणीने सांगा.

मार लागल्यानंतर नाकातून किंवा कानातून स्वच्छ पाणी टपकायला लागलं तर सर्दी समजू नका. पांढऱ्या कापडावर थेंब पडून मध्ये लाल डाग आणि भोवती फिकट ओलं वर्तुळ उमटलं तर मेंदूतलं पाणी गळत असल्याची शंका घ्यावी. नाक शिंकरायचं नाही, कापसाचा बोळा कोंबायचा नाही, आतल्या वाटेने जंतू वर जातात.

"पाणी कमी पी, डोक्यात पाणी झालंय ना"

हे पाणी पिण्याच्या पाण्यातून साचत नाही. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ते रक्तापासून तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि एका वेळी असतं फक्त १५० मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळं बदललं जातं. त्यात तरंगल्यामुळेच १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार ५० ग्रॅमसारखा भासतो, नाहीतर स्वतःच्याच वजनाने तो तळाशी चेपला गेला असता. पाणी साचतं ते वाट अडल्यामुळे किंवा शोषण नीट न झाल्यामुळे, आणि त्यावर बऱ्याचदा शंट, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणारी बारीक नळी, टाकावा लागतो. म्हातारपणी पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणं आणि विसरभोळेपणा एकत्र आले तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, पाणी साचल्याने असेल तर उपचार होऊ शकतो.

पाठीतून पाणी काढायला नकार देणं

मेंदुज्वराची शंका असताना डॉक्टर हेच पाणी तपासायला कमरेतून सुईने थोडं काढतात, पण "सुईने लकवा होतो" म्हणून नातेवाईक सही करत नाहीत. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास टाकतात, तिथे फक्त पाण्यात मोकळ्या तरंगणाऱ्या नसा असतात. नंतर काहींचं डोकं दुखतं, बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं, बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप थांबतं. आठवड्यानंतरही थांबलं नाही किंवा ताप आला तर मात्र परत दाखवा.