पॅरामोटर शिकायचंय? मग निदान या चुका तरी टाळा

ऑक्टोबरात पाऊस उघडला, की कामशेतच्या आसपासच्या माळांवर नवी मंडळी दिसू लागतात. डिकीत कोरी करकरीत पॅरामोटर, म्हणजे पाठीवर बांधायचं पंख्याचं इंजिन, तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नसतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवसांत उडता येईल?" विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, कुठली घेतली असं विचारलं, तर उत्तर येतं, "ती मोटरवाल्यानेच दिली सोबत." म्हणजे पहिली चूक झालेली असते आणि तिचे पैसेही देऊन झालेले असतात.

हवेत तुम्हाला विंग धरून ठेवते. मोटर फक्त मागून ढकलते. मोटर बंद पडली तर तुम्ही साध्या पॅराग्लायडरसारखे तरंगत खाली येता. विंग मिटली तर पाठीवरचे पंचवीस अश्वशक्ती काहीही करू शकत नाहीत. तरी खरेदी नेमकी उलटी होते, कारण मोटरला आवाज आहे, सीसी आहे, मित्रांना दाखवायला काहीतरी आहे. विंग म्हणजे पिशवीतलं कापड!

त्या कापडावर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती सगळं धरून असते. तुमचं वजन ७५ किलो, मोटर २७, टाकीत दहा लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७, विंग ६, हेल्मेट-बूट-जाकीट ३. झाले ११८. पण "माझं वजन पंच्याहत्तरच आहे की" म्हणून ९५ किलोपर्यंतची विंग घेणारे मी दर मोसमात बघतो. ती विंग उडते, पण वेगात उडते, तडकाफडकी वळते आणि उतरताना नवशिक्याला पळायला लावते. त्याला पळता येत नसतं. शिकाऊ माणसाने शिकाऊ वर्गाचीच विंग घ्यावी आणि मर्यादेच्या मधोमध बसावं. वेगवान रिफ्लेक्स विंग दोन मोसमांनंतर घेतली, तरी ती कुठे पळून जात नाही.

जुनी विंग घ्यायची तर लाइन्सची, म्हणजे विंगपासून तुमच्यापर्यंत येणाऱ्या दोऱ्यांची, लांबी मोजून घ्या. मागच्या लाइन्सवर ताण कमी असतो, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं आक्रसत जातात. मग ब्रेकच्या, म्हणजे विंगची मागची कड खाली खेचायच्या, दोऱ्या न ओढताच विंग जणू ब्रेक ओढलेले असल्यासारखी वागते, डोक्यावर यायला कुरकुरते, मागेच रेंगाळते. विकणारा सांगतो, "फक्त वीस तास उडालीय." उन्हात किती तास पडून होती, हे त्याला विचारा.

ग्राउंड हँडलिंग टाळणं

ही माझी आवडती चूक, म्हणजे सगळ्यात जास्त डोकं उठवणारी. मोटर पाठीवर न घेता, नुसता हार्नेस (अंगावरचे पट्टे आणि सीट) बांधून, जमिनीवर उभं राहून विंग डोक्यावर आणायची, तिथे धरून ठेवायची, डावीकडे गेली तर आपण तिच्याखाली सरकायचं. बस्स, एवढंच काम. यात रील होत नाही, म्हणून कुणाला आवडत नाही. अर्ध्या तासात चेहरे पडतात आणि मग, "सर, मोटर लावून बघू या का एकदा?"

मोटर लावल्यावर काय होतं ते सांगतो. विंग वाकडी वर येते. रोज सराव केलेला माणूस ते खांद्यावरच्या ओढीवरून ओळखतो आणि तिच्या दिशेने दोन पावलं सरकतो. सराव नसलेला माणूस समोर बघत धावत राहतो आणि पूर्ण थ्रॉटल दाबतो, कारण त्याला वाटतं, जोर कमी पडतोय. आता वाकडी विंग एकीकडे ओढते आणि सत्तर किलोचा जोर दुसरीकडे ढकलतो. पाय जरा हलके झाले, की हा मनुष्य खुर्चीत बसल्यासारखा बसतो. विंगने अजून वजन उचललेलंच नसतं. केजचा, म्हणजे पंख्याभोवतीच्या जाळीच्या चौकटीचा, खालचा कोपरा जमिनीला लागतो, कड वाकून प्रॉपमध्ये, म्हणजे पंख्यात, जाते आणि हजारो रुपयांचा कार्बन फायबर माळभर विखुरतो. आठवडाभरात नवा प्रॉप येतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. प्रॉपच्या पैशात महिनाभर शिकवणी झाली असती, हा हिशेब मी तोंडावर करून दाखवतो. त्यामुळे मी फारसा लोकप्रिय नाही.

माझ्याकडे येणाऱ्याला मी मोटर लावू देतो ती एका अटीवर: डोळे मिटून, वर न बघता, विंग मिनिटभर डोक्यावर ठेवून दाखव. काहींना हे आठवड्यात जमतं, काहींना दोन महिने लागतात, काही दुसऱ्या कुणाकडे जातात. उड्डाणाच्या वेळीही सवय एकच लावतो. पाय जमिनीवरून सुटल्यावरसुद्धा हवेत धावत राहा. हास्यास्पद दिसतं, दिसू दे. झाडांच्या उंचीच्या वर गेल्याशिवाय सीटमध्ये सरकायचं नाही.

आणि त्या पहिल्या चढाईत पूर्ण थ्रॉटलवर असताना ब्रेक ओढून दिशा सरळ करायच्या भानगडीत पडू नका. प्रॉप एका बाजूला फिरतो, म्हणून यंत्र तुम्हाला उलट्या बाजूला वळवू बघतं. ते थोडं वळू द्या, थ्रॉटल जरा कमी करा. नवशिके घाबरून उलट बाजूचा ब्रेक खोलवर खेचतात. विंग आधीच नाक वर करून मंदावलेली असते, ती त्याच बाजूने स्टॉल होते, म्हणजे उचलून धरणंच सोडते. पन्नास फुटांवर हे झालं, तर सावरायला खाली जागाच नसते.

मोटर सुरू करताना

हवेत काय होईल, याची भीती सगळ्यांना असते. जमिनीवर मोटर सुरू करताना कुणीच घाबरत नाही. २०१४ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात पॅरामोटरच्या ३८४ अपघात-घटनांचा अभ्यास छापून आला होता. त्यात सगळ्यात जास्त इजा हातांना झालेल्या होत्या. मला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही.

दौंडच्या पलीकडे एका माळावर डिसेंबरातली सकाळ. थंडीमुळे इंजिन धरत नव्हतं. मालक स्वतः दुचाकीचे इंजिन उघडणारा मेकॅनिक, त्यामुळे त्याला सांगायला कोण जाणार! त्याने प्रायमरने पेट्रोल भरपूर ओढलं, दोन-चारदा दोरी खेचली, चोक उघड-बंद केला. किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर त्याने आदल्या दिवशी काढून टाकली होती. उडताना इंजिन अधूनमधून बंद पडत होतं आणि त्याला संशय त्या वायरचा होता. थ्रॉटल हातात नव्हताच, तो हार्नेसच्या पट्ट्यांत पडला होता. यंत्र सरळ करायला त्याने केज हलवली, पट्ट्याखाली थ्रॉटलचा दांडा दाबला गेला, आणि नेमक्या त्याच खेचीला इंजिनाने धरलं. थेट पूर्ण जोरात.

यंत्र त्याच्या अंगावर आलं. तो एका गुडघ्यावर बसलेला, एक हात केजच्या कडेला. मागे कोलमडताना तो हात जाळीवर दाबला गेला. जाळी दोरीची असते, ती आत वाकते. लोकरीचा हातमोजा प्रॉपने धरला आणि दोन बोटं गेली. १२५ सेंटिमीटरचा प्रॉप मिनिटाला २७०० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या वर असतो. हात मागे घेऊ म्हणायला वेळच नसतो. पुढचा भाग मला जास्त लक्षात राहिलाय: यंत्र बंदच होईना. किल स्विच दाबून उपयोग नव्हता. शेवटी एकाने पेट्रोलची नळी चिमटीत दाबून धरली, तरी कार्बमधलं (कार्ब्युरेटरमधलं) उरलेलं संपेपर्यंत ते जमिनीवर गरगरत होतं आणि आम्ही सगळे लांब उभे होतो.

म्हणून माझ्या सवयी. थ्रॉटल आधी हातात बांधायचा, मग दोरीला हात लावायचा. दांडा पूर्ण दाबून सोडून बघायचा, तो अडखळतोय का, टचकन परत येतोय का. यंत्र शक्यतो पाठीवर घेऊनच सुरू करायचं. जमिनीवर करायचंच असेल, तर दुसऱ्याला समोरून दोन्ही हातांनी फ्रेम धरायला लावायची, तीही असा जोर लावून की इंजिन आत्ता पूर्ण वेगात धरणार आहे. प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला, कुणी उभं राहायचं नाही; तुटलेलं पातं त्याच रेषेत उडतं. सुरू झाल्यावर पहिलं काम किल स्विच दाबून इंजिन बंद करून बघणं. लोक म्हणतात, "इतक्या मुश्किलीने सुरू झालंय, परत कशाला बंद करता?" बंद होत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. लोकरीचे मोजे, ओढण्या, सैल नाड्या, गळ्यातला मोबाइल या गोष्टी मोटरजवळ आणूच नका.

वेळ आणि वारा

सुट्टी आहे म्हणून अकराला माळावर येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. आपल्या देशावर मार्चपासून दहा वाजताच जमीन तापून थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, सुटतात. नांगरलेल्या रानातून वावटळ उठताना बघितली असेल, तर तिच्यात विंग घेऊन शिरल्यावर काय होईल याची कल्पना करा. मोटरवाल्यांची वेळ सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि संध्याकाळी पाचच्या पुढे.

हिवाळ्याची सकाळ वेगळीच फसवते. खाली गवताचं पातं हलत नाही, आणि शे-दीडशे मीटरवर वारा ताशी तीस किलोमीटरने वाहत असतो. थंड हवा जमिनीलगत साचून राहते, वरचा वारा तिच्यावरून सरकतो. तुमची विंग ताशी अडतीस-चाळीसने उडते. वाऱ्याला तोंड करून वर गेलात, की खालचं शिवार जवळजवळ जागच्या जागी उभं राहतं. उडण्याआधी मी वीटभट्टी किंवा गुऱ्हाळाचा धूर बघतो. सरळ वर जाऊन एका उंचीवर एकदम आडवा झाला, तर त्या उंचीवर वारा आहे. ॲप उघडायच्या आधी हे बघा.

बाकीच्या, थोडक्यात

विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत. खांब आणि डीपी शोधा आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं धरा. कमी उंचीवर शेतांवरून फिरण्याची हौस इथेच संपते.

पवना धरणाच्या पाण्यावरून फोटोसाठी खाली जाऊ नका. मोटरसकट पाण्यात पडलात, तर ती तुम्हाला तोंडावर पालथं करून खाली ओढते आणि ओले बकल सुटेपर्यंत श्वास पुरत नाही. पाण्यावर जायचंच, तर आपोआप फुगणारे फ्लोट लावा आणि किनारा गाठता येईल एवढी उंची ठेवा.

थ्रॉटल एकदम सोडू नका. विंग पुढे झेपावते. सावकाश सोडा.

गवतात विंग गुंडाळताना आत नाकतोडा राहिला का बघा. पावसाळ्यानंतर तर नक्कीच. तो बाहेर पडायला कापड कुरतडतो.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीत राहिलं तर पाणी तळाशी बसतं, आणि कार्बचा पडदा कडक होतो. जूनमध्ये अर्धी टाकी भरून यंत्र माळ्यावर ठेवायचं आणि ऑक्टोबरात दोरी खेचत बसायचं, हा दर वर्षीचा कार्यक्रम. मी त्या दिवसापुरतंच पेट्रोल मिसळतो, उरलेलं स्कूटरला घालतो आणि शेवटी कार्ब कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. ऑइल "दोन झाकणं" टाकू नका. इंजिनाच्या पुस्तकात दोन टक्के लिहिलं असेल, तर दहा लिटरला २०० मिली, आणि ते मोजपात्राने.

राहिली परवानगी. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे. पुण्यात राहून हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. मुंबईत तर पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर बंदीचे आदेश वेळोवेळी काढतात. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा ड्रोनवाल्यांसाठी आहे, पण उडायला मनाई असलेले तांबडे पट्टे कुठे आहेत ते त्यावर घरबसल्या कळतं. ज्याच्या शेतातून उडणार, त्याला आणि गावच्या पोलीस पाटलाला आदल्या दिवशी जाऊन भेटा. नाहीतर तुम्ही हवेत असताना खाली पन्नास माणसं आणि एक पोलिसांची गाडी जमते, आणि ती सगळी नेमकी तुमच्या उतरायच्या जागेवर उभी असतात.