टेकआउट डबलला उत्तर देताना या चुका टाळा

ब्रिजचा डाव. डावीकडच्याने 1 बदाम म्हटलं, म्हणजे बदाम हुकूम धरून सात हात करायची बोली लावली. भिडूने टेकआउट डबल दिला, म्हणजे तुमचा रंग विचारला. उजवीकडचा पास. पाळी तुमची आणि पानांत जेमतेम एक गुलाम, म्हणजे एकच पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1). इंदूरच्या मराठी घरांत पत्ते म्हणजे आधी मेंढीकोट. तिथे भिडूला काही सांगायची सोयच नसते, त्यामुळे अशी पानं आली की गप्प राहावंसं वाटतं. राजेंद्रनगरच्या आमच्या टेबलावर नवा भिडू आला की सगळ्यात आधी ही सवय मोडावी लागते.

पॉइंट नाहीत म्हणून पास करणं

डबल देणारा सांगत असतो की माझ्याकडे ओपनिंगची, म्हणजे पहिली बोली लावण्याइतकी, ताकद आहे, बदाम कमी आहेत, बाकी तिन्ही रंगांना आधार आहे. तुझा रंग सांग. समजा तुमच्याकडे इस्पिकची नव्वी, पंजी, चौव्वी, दुर्री आहे आणि चौकट गुलाम सोडला तर चित्र नाही. 1 इस्पिक म्हणा आणि मोकळे व्हा. पास केलात तर विरोधी जोडी डबलमध्ये, म्हणजे वाढीव गुणांवर, 1 बदाम खेळणार. त्यांनी दोन हात जास्त काढले की 360 गेले, ते व्हल्नरेबल (ज्यांना त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त) असतील तर 560. पानं जितकी हलकी, तितका पास महाग.

विरोधकाने 1 इस्पिकने सुरुवात केली, तुमच्याकडे इस्पिकचीच चार बारकी पानं आणि बाकी तिन्ही रंग तीन-तीनचे, तर? 2 किलवर, म्हणजे त्या तीन रंगांतला सगळ्यात खालचा. जीवावर येतं, पण म्हणायचं.

पास शोभतो तो त्यांच्याच रंगात राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी अशी सलग पानं असतील तेव्हा. मग भिडूनेही पहिलं पान हुकुमाचं टाकावं, म्हणजे खेळणाऱ्याला बारक्या हुकुमांनी कापता येत नाही.

रंग सांगितला, ताकद सांगितली नाही

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, आणि बराच काळ खेळणाऱ्यांचंही होतं. 1 चौकट, डबल, पास. एका काकूंकडे होतं: इस्पिक एक्का, गुलाम, सत्ती, पंजी, बदाम राजा तिसरा (राजासह तीन पानं), किलवर राणी तिसरी, चौकटची तीन फुटकळ पानं. त्या म्हणाल्या 1 इस्पिक. भिडू 15 पॉइंटवर पास झाला आणि दहा हात सहज निघाले, म्हणजे 4 इस्पिकचा गेम (मोठा बोनस देणारी बोली) हुकला.

"काकू, दहा पॉइंट होते, उडी का नाही मारलीत?"

"अहो, इस्पिक आहेत असं सांगितलं की मी!"

सांगितलं खरं, पण अर्धंच. शून्य पॉइंटलाही त्यांनी 1 इस्पिकच म्हटलं असतं, मग भिडूला फरक कळणार कसा? साधारण 8 पर्यंत सगळ्यात खालची बोली, 9 ते 11 ला एक पायरी उडी, म्हणजे इथे 2 इस्पिक. ही उडी गेमची सक्ती करत नाही. भिडू 12 वर असेल तर तो खुशाल पास करेल. उडीची भीती वाटते ती भिडूने आधीच ताकद दाखवली आहे हे विसरल्यामुळे.

12 किंवा जास्त असतील आणि रंग ठरत नसेल तर त्यांचाच रंग बोला. 1 चौकटवर बदाम आणि इस्पिक दोन्ही चार-चार असतील तर 2 चौकट. रंग भिडू निवडेल. या बोलीवर त्याला पास करता येत नाही, हे दोघांनी आधीच बोलून ठेवा.

पॉइंट नुसते मोजून चालत नाही

त्यांच्या रंगातले राजा-राणी रंगाच्या खेळात फारसे कामाचे नाहीत. भिडूकडे तो रंग तोकडा आहे आणि ओपनर तुमच्यानंतर पान टाकणार. तीच दोन पानं 1 नो ट्रम्पला (हुकूम नसलेल्या बोलीला) मात्र सोन्यासारखी. म्हणून 1 नो ट्रम्प म्हणजे 7 ते 10 पॉइंट आणि त्यांच्या रंगात पक्की अडवणूक. काहीच सुचलं नाही म्हणून ती बोली लावू नये.

1 चौकटच्या डबलवर किलवर पाच आणि बदाम चार असतील, पानं हलकी असतील, तर 1 बदाम म्हणा. भिडूने डबल दिलाय तो बहुतेक वेळा बदाम-इस्पिकसाठीच.

उजवीकडच्याने मध्ये बोली लावली, समजा 2 बदाम, की तुमची सक्ती संपली. आता हलक्या पानांवर पास चालतो आणि बोललात तर त्याचा अर्थ काहीतरी आहे असाच होतो.

डबल देणाऱ्यासाठी एवढंच: भिडूने तुमच्या सक्तीने 1 इस्पिक म्हटलं असेल तर 13 पॉइंटवर त्याला 2 ला नेऊ नका. त्यासाठी 16 च्या आसपास हवेत. त्याच्या पानांत एकही चित्र नसू शकतं.