गच्चीवर 'लेट द राइट वन इन' दाखवायचा असेल तर

हा सिनेमा मे महिन्यात दाखवू नका. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर येऊ लागला, तिकडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटू लागल्या, की वेळ झाली समजा. गोष्ट १९८२ सालची आहे, स्टॉकहोमच्या ब्लॅकेबेर्ग या उपनगरातली. चित्रीकरण मात्र बरंचसं पार उत्तरेला, लुलेओमध्ये केलं, कारण तिथे भरवशाचा बर्फ मिळतो. अंगावर शाल आणि नाकाचा शेंडा गार, अशा अवस्थेत बघितला की पडद्यावरची थंडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. कॉलेजात गेलेली माझी जुनी मुलं थंडीत नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या गच्चीवर जमतात, आणि त्यांना हा स्वीडिश सिनेमा मी आवर्जून दाखवते. २००८ चा, टोमास आल्फ्रेडसनचा. मैत्रीवरचा इतका खरा सिनेमा मी त्यांना दुसरा दाखवू शकत नाही.

बोलावताना काय सांगता यावर अर्धं काम असतं. 'भुताचा पिक्चर आहे, या' असं म्हटलंत तर लोक दचकायच्या तयारीत बसतील आणि वीस मिनिटांत मोबाइल काढतील. मी एवढंच सांगते: ऑस्कर नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे, शाळेत त्याला छळतात, घरी आई कामात आणि वडील दुसरीकडे राहतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये एली राहायला येते. त्यांची दोस्ती होते. एली रक्तावर जगते. हे शेवटचं लपवू नका. तो या गोष्टीतला धक्का नाहीच.

सोळाच्या आतल्या मुलांना बसवू नका. सुरुवातीलाच रानात एका माणसाला उलटं टांगून त्याचं रक्त काढण्याचा प्रसंग आहे, तो पाहून कोणी उठलं तर उठू द्या. आणि तुमच्या गटात शाळेत फार छळ सोसलेलं कोणी असेल तर आदल्या दिवशी त्याच्याशी बोला. रक्तापेक्षा त्याला वर्गातले आणि पोहण्याच्या तलावावरचे प्रसंग जड जातील.

आता तयारी. आवाज मूळ स्वीडिशच लावा, सबटायटल इंग्रजी. इंग्रजी डबिंग नको म्हणजे नको. एलीचं काम लीना लेआंदेर्सोनने केलंय, पण दिग्दर्शकाने तिचा आवाज बदलून एलिफ सेलान या दुसऱ्या मुलीचा, थोडा खालच्या पट्टीतला आवाज घातला. त्या आवाजात एलीचं वय कळेनासं होतं, आणि तेच हवं आहे. डबिंगमध्ये ते सगळं वाहून जातं. डिस्क कोणी परदेशातून आणून देणार असेल तर सबटायटलपुढे 'थिएट्रिकल' असं छापलंय का, ते बघायला सांगा. २००९ मध्ये अमेरिकेत आलेल्या पहिल्या डिस्कवर संवाद इतके छाटले होते की प्रेक्षकांनी ओरड केली, मग कंपनीने पुढच्या प्रती सुधारल्या.

पडद्याला पांढरी चादर चालते, पण चारही कोपरे घट्ट बांधा. गच्चीवर वारा असतो, आणि चादर हलली की बर्फातली माणसंही हलतात. प्रोजेक्टरच्या स्पीकरवर विसंबू नका, वेगळा स्पीकर लावा. या सिनेमात श्वास, पोटातली गुरगुर, बर्फावरची पावलं, भिंतीवरची टकटक हेच संवाद आहेत. फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपलं बस्तान हलवून नाशिकला आले आणि इथे त्यांनी मूकपट काढले. त्या गावातल्या प्रेक्षकाला कमी बोलणारा सिनेमा परका वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

सातला सुरू करा. लांबी दोन तासांना पाच-सहा मिनिटं कमी, म्हणजे नऊच्या आत संपतो. दहानंतर स्पीकर चालत नाही, आणि नंतर बोलायलाही वेळ हवा. मिसळ आधी खाऊन घ्या. चिवड्याची पिशवी सिनेमा संपेपर्यंत खालीच राहू दे, तिची खसखस एलीच्या कुजबुजीपेक्षा मोठी असते.

मी बसायच्या सतरंजीवर एक रुबिक क्यूब ठेवून देते. मुलं येता-जाता तो फिरवतात, वैतागतात, ठेवून देतात. मग सिनेमात ऑस्कर आपला क्यूब एलीला देतो आणि दुसऱ्या दिवशी तो सुटलेला सापडतो, तेव्हा गच्चीवर सगळ्यांच्या तोंडून एकदम 'अरे!' निघतं. त्याआधी अंगणात पहिल्याच भेटीत तिने त्याला सांगितलेलं असतं की मी तुझी मैत्रीण होऊ शकत नाही. क्यूबनंतर ते वाक्य कोणालाच खरं वाटत नाही.

एका जागी मात्र बारीक लक्ष ठेवायला सांगा. ऑस्कर टपरीवर गोळ्या विकत घेतो आणि एलीपुढे पुडी धरतो. ती नको म्हणते. त्याचा चेहरा पडतो. ते बघून ती म्हणते, एक खाऊन बघते. पुढच्याच क्षणी ती टपरीमागे ओकत असते. तो जवळ जातो आणि तिला मिठी मारतो, विचारत काहीच नाही. मग ती विचारते, मी मुलगी नसते तरी तुला आवडले असते का? तो म्हणतो, बहुतेक हो. इथे कोणी फिदीफिदी हसलं तर दटावू नका. कॉलेजातली मुलं ओळखीचं काही दिसलं की आधी हसतात, मग गप्प होतात.

एलीला बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात शिरता येत नाही. नावातही तोच नियम डोकावतो. आपल्याकडेही रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये असं आजी-आजोबा सांगत आले, त्यामुळे नियम पटकन पटतो. ऑस्कर तो नियम तपासून बघतो, दारात उभ्या असलेल्या एलीला हाताने नुसतंच 'ये' असं खुणावतो. तो प्रसंग चालू असताना थांबवू नका, चहाही वाटू नका.

संपल्यावर लगेच दिवे लावू नका, पण प्रश्न जरूर काढा. माझा नेहमीचा प्रश्न एलीबरोबर राहणाऱ्या त्या वयस्क माणसाचा असतो: हाही कधी ऑस्करएवढा असताना तिला भेटला असेल का? मूळ कादंबरी जॉन आयविदे लिंडक्विस्टची, २००४ ची, तीत या माणसाची हकिगत वेगळी आणि जास्त किळसवाणी आहे. पण सिनेमा उत्तर देत नाही, म्हणून वाद रंगतो. कोणी कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर सांगा, होयते व्हान होयतेमा. 'ओपनहायमर'साठी ऑस्कर मिळाला तोच हा, हे ऐकून मुलं तो बर्फ पुन्हा बघायला मागतात.

२०१० मध्ये अमेरिकेत याची दुसरी आवृत्ती निघाली, तिची गोष्ट न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसमध्ये घडते. चांगली आहे, पण त्याच आठवड्यात लावू नका. महिनाभर जाऊ द्या, आणि तेव्हा पहिल्या रात्रीचीच मंडळी बोलवा.