गटचर्चेला येणाऱ्यांना पैसे किती, कधी आणि कसे द्यावेत: सोलापुरात मुलाखती घेणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात मानधन न ठेवता गटचर्चा बोलावली, तरी खुर्च्या भरतात. पण येतात ते दुपार मोकळी असणारे: निवृत्त माणसं, बचत गटाच्या अध्यक्षा, संघटनेचे कार्यकर्ते. विडी वळणारी बाई येत नाही. तिला हजार विड्यांमागे पैसे मिळतात, त्यामुळे तुमच्याकडे गेलेला तास तिच्या मजुरीतून वजा होतो. बारा तासांची पाळी करणारा यंत्रमाग कामगारही घरीच झोपतो. पैशाने संख्या वाढते, पण त्याहून मोठा फरक पडतो तो कोण येतं यात. म्हणून रक्कम ठरवणं हे नमुना निवडीचंच काम आहे. ते बजेटच्या शेवटच्या ओळीवर सोडू नका.

रक्कम काढताना

आधी बुडणारं काम मोजा. समजा, एक बाई आठ तासांत 700 विड्या वळते. चर्चा दोन तासांची, जाण्यायेण्याचा एक तास. म्हणजे तीन तासांत साधारण 260 विड्या बुडाल्या. हजारी दर त्या आठवड्यात ब्रँचमध्ये (विडी कंपनीच्या, माल जमा करायच्या केंद्रात) काय चालू आहे तो विचारा आणि त्यावरून भरपाई काढा. रिक्षाचं भाडं वेगळं धरा. कुंभारीच्या बाजूच्या घरकुलांतून शहरात यायला ते जास्त लागतं. त्यावर वेळ दिल्याबद्दल थोडी रक्कम ठेवा आणि थांबा. यंत्रमाग कामगाराला पाळी बुडवायला लावू नका. पाळीच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशी बोलवलं तर भरपाईही कमी लागते आणि माणूस जागा असतो.

दिवसाच्या पूर्ण मजुरीपेक्षा बरीच जास्त रक्कम ठेवली की दोन अडचणी उभ्या राहतात. घरात चणचण असलेल्या बाईला नको म्हणणं अवघड होतं. मनात नसताना ती येते. आणि निकषात न बसणारी माणसं बसवून घेतली जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि दिलेला वेळ यांसाठी पैसे द्यायला परवानगी देतात, मात्र ते आमिष ठरू नये आणि नैतिकता समितीची (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हवी. समितीपुढे नुसता आकडा ठेवू नका, वरच्यासारखा हिशेब जोडा.

आधी माणूस, मग आकडा

‘विडी कामगार हव्यात, 300 रुपये मिळतील’ असा निरोप गल्लीत गेला, की काम सोडून पाच वर्षं झालेली बाईही ‘मी वळते’ म्हणते. तिला दोष देता येत नाही. निकष तुम्हीच सांगून टाकलेला असतो. निरोपात विषय मोघम ठेवा (‘घरातलं काम आणि तब्येत’) आणि निवड करताना हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं विचारा: काल पान कधी भिजवलं? माल कोणत्या वेळी जमा करता? गेल्या आठवड्यात किती विड्या नापास झाल्या? रोज वळणारी बाई अडखळत नाही. निवड झाली की त्याच बोलण्यात रक्कम स्पष्ट सांगा, म्हणजे ती घरी विचारून ठरवू शकेल. ऐनवेळी कळलेले पैसे तिला येण्याचं ठरवायला उपयोगी पडत नाहीत.

सांगायचं ते असं: ‘दोन तास बसावं लागेल. वेळेची भरपाई आणि रिक्षाभाडं मिळून 300 रुपये आल्याबरोबर हातात मिळतील. एखाद्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही किंवा मधेच उठून गेलात, तरी पैसे परत मागणार नाही.’ हेच वाक्य तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलणाऱ्यांसाठी आधी तयार करून एकदा वाचून दाखवा. दुभाष्याने जागेवर केलेल्या भाषांतरात शेवटचा भाग हमखास गळतो, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आठ जणींची चर्चा असेल तर दहा जणींना बोलवा. दहाही आल्या आणि दोघींना परत पाठवावं लागलं, तर त्यांनाही पूर्ण पैसे द्या. त्यांची दुपार गेलेलीच असते. हा खर्च सुरुवातीलाच धरा.

पैसे हातात देताना

माणसं गोळा करून देणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीकडे गठ्ठा सोपवू नका. माणशी कमिशन तर नकोच. त्यातून तेच ते चेहरे येतात, आणि कधी पाकिटातून वाटाही कापला जातो. त्या व्यक्तीच्या दिवसाचं मानधन वेगळं आणि ठरावीक ठेवा, कितीही जणी आल्या तरी.

रोख रक्कम बंद पाकिटात, एकेकीला, सुरुवातीलाच. एका चर्चेत सगळ्यांना सारखीच. मोबाइलवरून पाठवायला सोपं वाटतं, पण नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो: पैसेही तिकडे जातात आणि बाई कुठे गेली होती हेही कळतं. घरगुती हिंसा किंवा आजारपण हा विषय असेल, तर हे टाळलंच पाहिजे.

पावतीवर सही किंवा अंगठा घ्या. 5000 रुपयांपर्यंतच्या पावतीला महसुली तिकीट लागत नाही. नावांची पावती-वही आणि मुलाखतींचे सांकेतिक क्रमांक दोन वेगळ्या कपाटांत ठेवा. हिशेब तपासनीसाला वही दाखवावी लागली, तरी कोण काय बोललं ते त्याच्यापर्यंत जाता कामा नये.

नकार येऊ लागले तर

लगेच रक्कम वाढवू नका. प्रत्येक नकाराचं कारण लिहा. ‘घरचे नको म्हणतात’ याला पैसा हे उत्तर नाही. घराजवळची जागा आणि ओळखीची बाई सोबत असणं हे आहे. ‘वेळ नाही’ असेल तर माल जमा करायची वेळ टाळा. जानेवारीतली गड्डा यात्रा आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव या दिवसांत कुणाला बोलवूच नका. ‘एवढ्यात परवडत नाही’ हे वारंवार आलं, तरच हिशेब पुन्हा मांडा, समितीकडून बदल मंजूर करून घ्या आणि आधी येऊन गेलेल्यांना फरकाची रक्कम पोचवा.