यीस्टमधला सप्रेसर (एका जीनचा बिघाड झाकणारा दुसऱ्या जीनमधला बदल) असा पकडा

कोल्हापुरात एप्रिलमध्ये माझी राजारामपुरीतली खोलीच 37 अंशांवर जाते, तरी इनक्युबेटरच वापरा. रात्री पारा उतरला की नको त्या कॉलन्या उगवतात.

वायएमई1 प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) नसलेलं यीस्ट 37 अंशांना ग्लिसरॉलवर वाढत नाही. म्हणून 3 टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर साधारण 1 कोटी पेशी पसरा, आठवडाभर थांबा. जी कॉलनी तरीही उगवेल, तिच्यात सप्रेसर असू शकतो. वायएमई1चा जीन पूर्ण उडवलेलाच घ्या, अर्धवट बिघडलेला नको. तो स्वतःच सुधारतो आणि आपण उगाच पेढे वाटतो. (मी वाटलेत.)

मिळालेल्या कॉलनीचा, हाच जीन नसलेल्या उलट मेटिंग टाइपच्या (म्हणजे विरुद्ध ‘लिंगाच्या’) यीस्टशी संकर करा. डिप्लॉइड (संकरातून झालेली, जीनचे दोन संच असलेली पेशी) वाढला तर सप्रेसर प्रभावी, म्हणजे त्याची एकच प्रत पुरते. मग टेट्राड (डिप्लॉइडपासून होणारा चार बीजाणूंचा गट) फोडा: दरवेळी दोन वाढले, दोन नाहीत, तर काम एकाच जीनचं. त्याआधी चहा नको, सुई थरथरते.