आजी-आजोबांचा दिव्यांग दाखला आणि अनुदान : या चुका टाळा

निराधार आणि दिव्यांगांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी योजना, तिच्या तहसील कचेरीतल्या शाखेबाहेर ठरलेली दोन वाक्यं कानावर पडतात. "पैसे मंजूर झालेत, पण खात्यात येत नाहीत," आणि "दाखला आहे, पण चालत नाही म्हणतात." यातला बहुतेक घोळ म्हाताऱ्या माणसाने घातलेला नसतो. तो घातलेला असतो मदतीला धावलेल्या मुलाने, पुतण्याने, नाहीतर मोबाइलवर पटापट फॉर्म भरणाऱ्या गल्लीतल्या उत्साही पोराने.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे "आधार लिंक आहे" या उत्तरावर समाधान मानणं. बँकेतला माणूस खोटं बोलत नसतो, खात्याच्या केवायसीला आधार जोडलेलं असतंच. पण अनुदान आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतं. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारला जे खातं सीड, म्हणजे अनुदानासाठी जोडलेलं आहे, तिथे ते जाऊन पडतं. असं खातं एका वेळी एकच असतं. तुम्ही अर्जाला कुठल्याही पासबुकाची झेरॉक्स जोडा, पैसे तिकडेच जाणार.

आमच्याकडच्या एका आजींचं असंच झालं. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, अनुदान मंजूर, यादीत नाव, आणि पासबुक कोरं. मुलगा कचेरीत जाऊन भांडायचा, तिथला बाबू संगणकाची स्क्रीन फिरवून "हे बघा, पैसे गेलेत" म्हणून दाखवायचा. दोघंही खरंच बोलत होते. आधारच्या 'माय आधार' वेबसाइटवर ओटीपी टाकून सीडिंग बघितलं, तर भलत्याच एका पेमेंट बँकेचं नाव आलं.

"मावशी, हे खातं कधी काढलंत?"

"मी कशाला खातं काढू? बाजारात सिमवाल्याने दोनदा अंगठा घ्यायला लावला, तेवढंच."

पहिला अंगठा सिमचा, दुसरा खात्याचा. पैसे तिथे सुखरूप साचत होते, पण ते सिम कधीच बंद पडलेलं. खात्याचा ओटीपी यायचा कुठे? ते पैसे काढताना घरातल्यांच्या नाकी नऊ आले.

म्हणून मी अर्जाला हात लावायच्या आधी सीडिंग बघतो. चुकीचं खातं दिसलं की हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्यायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायचं. "होईल हो आपोआप" म्हणणाऱ्यांचे अर्ज मी भरत नाही.

दुसरी चूक घाईची. अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच माणसाला उचलून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे नेतात. मेंदू-मज्जातंतूच्या आजारात टक्केवारी साधारण सहा महिन्यांनंतरच ठरते, कारण मोजायचं असतं ते आजारानंतर कायम उरलेलं अपंगत्व. पिकलेल्या मोतीबिंदूवर दाखला मागायला गेलात, तर आधी ऑपरेशन करून या म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. जिल्हा रुग्णालयात प्रत्येक विभागाच्या तपासणीचे वार ठरलेले असतात, तेही कुणी विचारून जात नाही.

तपासणीच्या दिवशीची वेगळीच तऱ्हा. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून येतात, काठी रिक्षातच ठेवतात आणि डॉक्टरांनी "जिना चढता येतो का?" विचारलं की ताठ मानेने "हो, येतो की" म्हणतात. घरी दोन पायऱ्यांना सुनेचा खांदा लागतो, ते कोण सांगणार? याच्या उलट, काही चिरंजीव वडिलांना रात्रभर विव्हळायची तालीम देतात. मला दुसरा प्रकार जास्त खटकतो. सांधा किती अंशात वाकतो, कान किती डेसिबलला ऐकतो, हे यंत्राने मोजतात. तिथे नाटक टिकत नाही. काठी, वॉकर, जुने रिपोर्ट, एमआरआयची फिल्म सोबत ठेवा आणि रोज जे होतं तेवढंच सांगा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पांढरं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) म्हणजे अपंगत्व 40 टक्क्यांच्या आत. पिवळं 40 ते 79, निळं 80 आणि वर. पांढऱ्यावर अनुदान मागायला जाऊ नका. दाखला तात्पुरता असेल तर मुदतीची तारीखही बघा.

नातवाच्या फीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला आजीच्या अर्जाला जोडू नका. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये, म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत 21,000. "आकडा बसवून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा.

आधारवरची जन्मतारीख बघा. निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस तिथे 1 जानेवारीच असतो. वय 65 च्या आत की पुढे, यावर संजय गांधी की श्रावणबाळ ते ठरतं.

श्रावणबाळचे पैसे आधीपासून मिळत असतील, तरी दिव्यांग म्हणून नोंद आहे का ते विचारा. 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिना 1500 वरून 2500 झालं. यूडीआयडीची नोंद नसेल तर शाखेत जाऊन करून घ्या.

आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय आहे का ते विचारा, अंगठा घासत बसू नका.