गिटहबचं एपीआय टोकन कसं बनवायचं आणि एक्स्पायरी किती ठेवायची

समजा रावेर-सावद्याचे केळीचे भाव रोज गिटहबवरच्या एका प्रायव्हेट रेपोतल्या (रेपो म्हणजे प्रोजेक्टच्या फाइल्स ठेवायची जागा) फाइलमध्ये टाकताय आणि अ‍ॅपला ते तिथून वाचायचेत, तर टोकन, म्हणजे अ‍ॅपसाठीचा पासवर्डसारखा कोड, लागणारच. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये जा, सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज, मग पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन्स, त्यात फाइन-ग्रेन्डवालं (रेपो आणि परमिशन नेमकी निवडून देता येणारं) घ्या, क्लासिक नको, कारण क्लासिकला रेपोचा स्कोप (म्हणजे परवानगी) दिला की तुमचे सगळेच रेपो उघडे पडतात. नाव "केळी-भाव-वाचन" असं कामावरून द्या, रेपो एकच निवडा, परमिशनमध्ये कन्टेन्ट्सला फक्त रीड. जनरेट केल्यावर टोकन एकदाच दिसतं, पेज बंद केलं की गेलं, म्हणून लगेच डॉट ईएनव्ही फाइलमध्ये (पासवर्डसारख्या गुपित गोष्टी ठेवायची फाइल) टाका आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये (रेपोत जाऊ द्यायच्या नाहीत अशा फाइल्सची यादी) आहे ना ते आधी बघा. पब्लिक रेपोत टोकन गेलं तर गिटहब ते स्वतःच रद्द करतं, पण प्रायव्हेटमध्ये त्या भरवशावर राहू नका भाऊ.

आता एक्स्पायरी. "नो एक्स्पायरेशन" कितीही सोयीचं वाटलं तरी घेऊ नका, मी तर ९० दिवसांच्या वर जाऊच नका म्हणेन. मुदत संपली की ४०१ (टोकन चालत नाही असा एरर कोड) येतो, आणि ४०४ (सापडलं नाही) आला तर बहुतेक परमिशन कमी पडतेय, तिथे टोकन पुन्हा पुन्हा बनवून काही होत नाही. मुदतीच्या आठवडाभर आधी कॅलेंडरला रिमाइंडर लावा, नवं टोकन बनवा, सर्व्हरवर बदला, भाव येताहेत हे बघा आणि मगच जुनं डिलीट करा.